तिसऱ्या मजल्यावरचं रुमानियन व्हायोलिन

आखातातल्या आमच्या उम्म अल हस्सम वस्तीच्या तमाम रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की पाश्चात्य संगीताचे जगातले एकमेव जाणकार आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे वसईचे, हॉटेलात स्टोअरकीपर. रुमानियाच्या एका संगीतकाराची व्हायोलिनवरची करुण रचना ते दर शुक्रवारी पाहुण्यांना ऐकवतात. "तिशीही गाठली नाही हो बिचाऱ्याने," हे अशा सुरात सांगतात, जणू खांदा यांनीच दिला होता. मग व्हायोलिनमध्ये घरघर नको म्हणून भर जुलैत एसी बंद! आम्ही घामाने निथळतो आणि हे डोळे मिटून हवेत बोट फिरवतात.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या बायकोने आपल्या हॉस्पिटलातली रुमानियन नर्स घरी आणली. तिची आई तिकडे आजारी, आणि रजा नामंजूर झालेली. निदान आपल्याकडचं काहीतरी ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती. पहिल्याच सुरांना तिचे डोळे वाहू लागले. मी मान खाली घातली. हे मात्र खटकन संगीत थांबवून, इंग्रजी विसरून, मराठीतच ओरडले, "अहो सिस्टर, इथे नाही रडायचं! ती जागा अजून चार मिनिटं पुढे आहे!"