अळ्यांचं उष्टं

माझ्या वेलांट्या चुकतात आणि अक्षर गिचमिड आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात पेन्सिल आली ती थेट कीड-केंद्रात, पेट्यांवर आकडे टाकायला. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच तर हसू नये, आणि जेवायला बसला असाल तर वाचू नये.

नागपूरच्या बाहेर ते केंद्र होतं. तिथे किडे मारायचे असतील असं वाटून मी कामाला गेले, तर किडे पाळायचे निघाले. कापसाच्या बोंडात अळी पडते. त्या अळीच्या अंड्यात एक माशी आपलं अंडं घालते. ही माशी राईच्या दाण्याहून लहान. तिची पिल्लं अळीचं अंडं आतून खाऊन टाकतात. अशा माशा वाढवून शेतात सोडल्या की औषध फवारावं लागत नाही. पण माशा वाढवायला रोज ताजी अंडी पाहिजेत, पतंगाचीही त्यांना चालतात, म्हणून ज्वारीत पतंग पाळायचे. ते पतंगांचं काम आम्हा दोघी बायांकडे होतं.

ज्वारी भरडायची, भट्टीत तापवायची, तोलून लाकडी पेटीत भरायची, गंधक टाकायचं आणि वर पतंगाची अंडी भुरभुरायची. आठ दिवसांत पेटी वळवळायला लागे. पांढुरक्या अळ्या ज्वारीला जाळं विणत, सगळी भरड चिकट गोळ्यासारखी होई, आणि तिला कुबट, आंबूस वास सुटे. दीड महिन्यात पतंग निघत. ते पकडायला काचेची नळी तोंडात धरून हवा ओढायची. मध्ये मलमलीचा तुकडा असे, पण पंखांची भुकटी त्यातून यायचीच. जिभेवर ती राखेसारखी बसे. चूळ भरली तरी जात नसे. केसांत पतंग, पोलक्यात अळी, डब्यातल्या भाकरीवर भुकटी. पहिले दोन महिने मी दुपारची जेवलेच नाही.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची. तिच्या भाकरीला वास, रंग मातीचा. आमचे मालक, पोरांचे वडील, गांधीबागेच्या पेठेत कापडाच्या गाठी उचलत, पण बाजारातली ज्वारी आमच्या आवाक्यात नव्हती. आणि इकडे मी रोज अळ्यांना पांढरीशुभ्र ज्वारी वाढायची. त्या खात आणि फुगत. मला बघवत नसे.

माझ्याबरोबरची बाई वयाने मोठी, एकटी होती. पतंग निघून गेले की उरलेली ज्वारी ती चाळून घरी नेई.

"घेऊन जाय वं तू बी," ती म्हणाली. "तीन पाण्यानं धुतली की काई होत नाई. लई नाजूक पोट हाय का तुह्यं?"

एक दिवस मी पदरात बांधून नेली. सासूबाईंनी गाठ सोडली. दाण्यांना अजून जाळ्याचे धागे चिकटलेले होते, त्यात एक मेलेला कोश होता.

"हे काय हाय वं?"

"केंद्रातली ज्वारी, आत्या. अळ्यांनी खाऊन उरलेली."

त्या उठल्या आणि सगळी नालीत टाकून आल्या. लहानपणी गावात त्या आईबरोबर दारोदार उष्टं मागायला जायच्या. बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरात सांगून टाकलं होतं की आता कोणाचं उष्टं या चुलीवर चढणार नाही.

"माणसाचं उष्टं सोडलं म्या," त्या म्हणाल्या. "अन् आता किड्याचं खाऊ?"

मला त्यांचं पटलं. मला स्वतःलाही ते गिळवलं नसतं. पण पोरं मिलो थुंकत होती. दुसऱ्या दिवशी पेट्या भरताना मी प्रत्येक पेटीतून दोन ओंजळी भरड काढली, चांगली, कोरी, गंधक टाकायच्या आधीची. घरी तिच्या कण्या शिजवल्या. केंद्रात स्वस्तात देतात, असं सांगितलं. सासूबाई पोटभर जेवल्या. पोरांनी भांडं चाटलं. मग मी रोजच आणू लागले.

संध्याकाळी आम्ही सगळे मिळून पंचशील म्हणायचो. जे दिलेलं नाही ते घेणार नाही, हे त्यात दुसरं. तिथे माझा आवाज बसायचा. अळ्यांची किळस यायची ती अंगावर यायची आणि आंघोळ केली की जायची. ही स्वतःचीच किळस, ती जात नव्हती.

पेट्यांवर एक विद्यार्थी संशोधन करत होता. कन्हानकडचा मुलगा, आम्ही साहेबच म्हणायचो. एका पेटीतून किती पतंग, किती अंडी, हे तो रोज लिहायचा. ज्वारी त्याने आपल्या शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतली होती, आणि आम्हा दोघींना ठेवणं-काढणंही त्याच्याच हाती होतं. मला वाटायचं, एवढ्या हजारो अळ्यांत दोन ओंजळींचं कोणाला काय कळणार? पण कळलं. उपाशी अळ्यांचे पतंग कमी निघाले, जे निघाले ते मुरमुऱ्यासारखे हलके, आणि त्यांनी अंडी थोडी दिली. साहेब भिंग घेऊन बसला. एका पेटीत त्याला जुन्या धान्यात पडतात तसले पांढुरके कोळी दिसले. पिठावर धूळ हलते आहे असं वाटावं इतके बारीक. मला भिंगातून दाखवले. केसाळ, फुगीर, एकावर एक चढलेले. मी बाहेर जाऊन ओकले.

"हे जुन्या ज्वारीतून येऊन राहिले," तो म्हणाला. मग त्या बाईकडे वळला. "तुम्ही उष्टी ज्वारी चाळता अन् त्याच हातानं नव्या पेट्या उचलता. माह्यं वरीस बुडून राहिलं, बाई. सोमवारपासून येऊ नका."

ती म्हणाली, "चाळतो मी, खरं हाय. पण हात धुतल्याबिगर पेटीले शिवलो असन तं कीडं पडो मले. साहेब, माह्यामांगं कोणी नाई. कुठी जाऊ मी?"

ती आपली चाळणी झटकू लागली. चाळणीला अळ्यांचे धागे लोंबत होते आणि ती ते एकेक करून नखाने काढत होती, जणू उद्याही ती चाळणी लागणार आहे.

मी परक्या पुरुषाशी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. मी सकाळीच भरलेली पेटी उचलली, तराजूच्या पारड्यात रिकामी केली आणि दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवली. ज्वारीचं पारडं वरच राहिलं. मग पदराची गाठ सोडून तिच्यातली दोन ओंजळी भरड त्यात ओतली. पारडं खाली आलं.

साहेबाने शेजारची पेटी उचलून हातानेच तोलून बघितली.

"सगळ्याच पेट्यांतून?"

मी हो म्हणून मान हलवली.

"काहून?"

"सासूले अळ्यांचं उष्टं चालत नाही," मी म्हणाले.

त्याने कपाळाला हात लावला. "मी कोळ्यांच्या मागं लागलो होतो," तो म्हणाला. "तीन महिने."

ती बाई मात्र हसली. हसू कडू होतं.

"माह्यं उष्टं तुले घाण वाटे, अन् चोरी गोड लागली का वं?"

मी पारड्यातली भरड पुन्हा पेटीत भरली.

साहेबाने तिला ठेवलं. मलाही ठेवलं, पण त्या दिवसापासून प्रत्येक पेटी मी तिच्यासमोर तोलायची असं ठरलं. ती वाकून काटा बघे आणि मुद्दाम मोठ्याने म्हणे, "बराबर हाय, साहेब." वहीतल्या पेट्या मोजून त्याने हिशेब केला. चौतीस रुपये झाले. आठवड्याला दोन रुपये देते, मी म्हणाले.

घरी पुन्हा मिलो सुरू झाली. सासूबाईंनी विचारलं, "पांढऱ्या कण्या काहून बंद झाल्या वं?" मी खरं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेल्या. बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. संध्याकाळी पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाला त्यांचाही आवाज बसू लागला. मला वाटे, त्यांना माझी किळस आली आहे. ते बरोबरच होतं.

शेवटच्या आठवड्याला मालकांना ताप आला, काम बुडालं, आणि माझ्याजवळ दोन रुपये उरले नाहीत. सकाळी निघताना सासूबाईंनी कनवटीची गाठ सोडली आणि दोनची मळकी नोट माझ्या हातावर ठेवली.

"घेऊन जाय," त्या म्हणाल्या. "खाल्लं तं म्या बी."

नव्या पेट्यांतून त्या दिवशी पतंग निघत होते. भरपूर, जाड, अंगाखांद्यावर बसणारे. मी नळी तोंडातून काढली, थुंकले, हात पुसले आणि नोट साहेबाला दिली. तिला माझ्या बोटांची भुकटी लागली होती. त्याने नोट झटकली, खिशात घातली आणि वहीतल्या माझ्या ओळीवर काट मारली.

"फिटले, बाई," तो म्हणाला.