चार मिनिटांसाठी अकरा दिवस

जळगावच्या मोतीलाल नानांनी चाळीसच्या वर स्कूटर कधी नेली नाही. पाइप कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं पाइपात पाणी भरून दाब वाढवण्यात गेली. थोडा दाब वाढवायचा, थांबायचं, काटा बघायचा, वहीत लिहायचं आणि पुन्हा वाढवायचा. पाइप कुठे फुटतो ते कळलं की त्याच्या बऱ्याच खाली वापराची मर्यादा ठरायची. अशा माणसाने निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचा वेग वाढवायला घेतला, तेव्हा बायकोने, प्रमिलाबाईंनी, आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

कॉम्प्युटर मोनालीचा होता. लेक नोकरीला पुण्याला गेली आणि तो घरीच राहिला. नाना त्यावर भाऊबंदांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायचे. एक लग्न तयार व्हायला बावन्न मिनिटं लागायची. कॉम्प्युटर दुकानवाला शाहबाज एकदा म्हणाला, "नाना, तुमच्या प्रोसेसरला कंपनीने कुलूपच लावलेलं नाही. सेटिंगमध्ये वेगाचा आकडा वाढवा, पळेल."

"तापला तर?"

"काही होत नाही हो. मी माझा एकदम पंचेचाळीसवर नेणार आहे, व्होल्टेजपण वाढवून."

नानांना ते 'एकदम' पटलं नाही. त्यांनी मदरबोर्डची पुस्तिका दोनदा वाचली. पहिले दोन दिवस आकड्याला हातही लावला नाही. ब्रशने आतली धूळ काढली, मोठा पंखा बसवला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. मग वहीत रकाने आखले आणि वेगाचा छत्तीसचा आकडा सदतीस केला. व्होल्टेज होतं तसंच ठेवलं. प्रोसेसरला घाम फोडणारी चाचणी तासभर चालवून दर पाच मिनिटांनी तापमान टिपलं. ऐंशी अंशांना थांबायचं, हे आधीच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी अडतीस.

"मुलगी बघायलाही इतका वेळ लावला नव्हता तुम्ही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तेव्हा चाचणीची सोय नव्हती."

प्रमिलाबाई चहा न देता आत गेल्या.

एक्केचाळीसवर पडदा निळा झाला आणि मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. नानांचा चेहरा उजळला. पाइप कुठे फुटतो ते कळलं होतं! ते दोन पायऱ्या खाली उतरले आणि एकोणचाळीसवर चाचण्या घेत राहिले. अकराव्या दिवशी त्यांनी व्हिडिओ लावला. अठ्ठेचाळीस मिनिटं लागली.

"म्हणजे चार मिनिटं वाचली?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"चार," नाना अभिमानाने म्हणाले.

ती चार मिनिटं ते रोज तापमानाचा आकडा बघत बसत.

त्याच आठवड्यात शाहबाज घाईघाईने आला. त्याने ठरल्याप्रमाणे एकदम पंचेचाळीस केले होते. दुकानातलं मशीन सुरू व्हायचं, पंखा फिरायचा, पण पडदा काळाच.

"बोर्डावरचा बटणासारखा सेल काढलास?" नानांनी विचारलं. "वायर काढून ठेव, सेल दहा मिनिटं बाहेर ठेव. सेटिंग पुन्हा मूळपदावर येतं. पुस्तिकेत आहे."

"पुस्तिका कोण वाचतं, नाना?"

नशिबाने मशीन सुरू झालं. शाहबाज खुल्या मनाचा माणूस. वेग हवा असलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तो नानांकडे पाठवू लागला. जळगावात बोलबाला झाला, की पाइपवाले मोतीलाल नाना कॉम्प्युटर पळवतात.

एप्रिलच्या उन्हात पारा चव्वेचाळीसवर गेला, तेव्हा चाचणीत प्रोसेसर ऐंशीला टेकला. नानांनी तारीख लिहिली आणि आकडा निमूट छत्तीसवर आणला. त्याच दुपारी साक्रीहून भटू नावाचं नवं गिऱ्हाईक आलं, मोठं खोकं घेऊन.

"नाना, मना कॉम्प्युटर बठ्ठा मंद पडी जायेल शे. तुमना मायक पळाडी द्या."

पार मंदावलेला कॉम्प्युटर त्याला नानांच्यासारखा पळवून हवा होता. नानांनी झाकण उघडलं. आत पंख्यावर बोटभर धूळ आणि कापसाचे पुंजके. त्यांनी ब्रश उचलला. तासाभराने कॉम्प्युटर पळू लागला आणि भटू चकित झाला. आकडा किती वाढवला, ते त्याला हवं होतं. "किती वाढवा, नाना?"

"काहीच नाही. साफ केला."

भटूला ते खरं वाटलं नाही. नाना खरा आकडा लपवतात, असं तो साक्रीत सांगत फिरला. पुढच्या सोमवारी तिथून आणखी तीन जण खोकी घेऊन आले, आणि नानांनी ओसरीवर सतरंजी अंथरून ब्रश काढला.