रक्तातलं कसब

मी कार्डिफमध्ये युनिव्हर्सिटीत प्राचीन इजिप्तचा कचरा तपासते. आई होती तेव्हा शेजारणींना नुसतं 'पोरगी सायंटिस्ट आहे' म्हणून सांगायची, कचऱ्याचं नाव काढायची नाही. पण खरं तेच आहे. सोनं, मुखवटे, ममी हे सगळं दुसऱ्यांच्या वाट्याला. माझ्याकडे येतात ते तांबं वितळवायच्या मुशींचे तुकडे आणि भट्टीतून सांडलेला मळ. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी वैतागून फेकलेलं मी मायक्रोस्कोपखाली ठेवून कौतुकाने बघत बसते.

गेल्या हिवाळ्यात त्यात निळ्या रंगाची ढेकळं निघाली. हा रंग मण्यांना, ताईतांना लागायचा आणि तो तांब्यापासून करत, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या ढेकळांत तांब्याबरोबर कथीलही सापडलं. तांबं आणि कथील म्हणजे कासं. मणी करणाऱ्याने शेजारच्या भट्टीवरचा काशाचा चुराच उचलून वापरला होता तर! दोन धंदे एका अंगणात, एकमेकांचं उरलंसुरलं वापरत. त्या दिवशी मी लॅबमध्ये वेड्यासारखी एकटीच हसत होते.

त्यावर मी आणि माझा बॉस मिळून पेपर लिहायला बसलो. बॉस भला माणूस. माझ्यासाठी आठवणीने बिनअंड्याचा केक आणणारा. त्याने मसुद्यात लिहिलं की ही कसबं बापाकडून मुलाकडे रक्तातून जात असणार. वर मला म्हणाला, "इथे भारताचा एक पॅराग्राफ हवा. तुमच्याकडे जातीजातींत अजून तसंच चालतं ना? तू लिही. तू लिहिलंस तर कुणी शंका घेणार नाही."

डोक्यात तिडीक गेली. तरी मी हसून 'बघते' म्हणाले. कारण उन्हाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ते वाढणार की नाही हे ह्या पेपरवर आणि ह्याच माणसाच्या शब्दावर होतं. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की बॅगा भरा, इतका साधा हिशोब.

आठवडाभर मी त्या पॅराग्राफभोवती घिरट्या घालत होते. इजिप्तमध्ये बाप मुलाला शिकवत नसतील असं थोडंच आहे? शिकवतही असतील. पण माझी ढेकळं चुरा कुठून आला एवढंच सांगतात. चुरा उचलणाऱ्याचा बाप कोण, हे त्यांना काय माहीत?

तेव्हा बाबा नागपूरहून माझ्याकडे राहायला आले होते. पोस्टातून रिटायर झालेले, बोलणं कमी. संध्याकाळी ते टेबलाशी लसूण सोलत होते आणि मी ओट्याशी धुसफुसत होते.

"काय लिहायला सांगतोय तो?" बाबांनी विचारलं.

"कसब रक्तात असतं म्हणून."

बाबांनी लसूण खाली ठेवला. "आमच्या बापालाही गाव तेच म्हणायचं. मेलेलं ढोर ओढावं तर यानेच, याच्या रक्तातच आहे. आणि तो घरी आला की आधी मागे जाऊन ओकायचा. दर खेपेला. मी लहान. मला वाटायचं, कामावरून आलेली माणसं अशीच ओकत असतात."

मी गॅस बंद केला.

"पुढे सगळ्या वस्तीने ते काम टाकून दिलं," बाबा म्हणाले. "ते बघायला तो राहिला नव्हता."

आपल्या घरी हे काम होतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ओकण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. मला फार रडू आलं. बाबा पुन्हा लसूण सोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी हे बॉसला सांगितलं. वाटलं, त्याला समजेल. त्याने चष्मा काढला, डोळेही खरंच ओले झाले त्याचे. मग म्हणाला, "हे फार मोलाचं आहे. 'पर्सनल कम्युनिकेशन' म्हणून तळटीपेत घेऊ या का? वडिलांची परवानगी काढशील?"

कुणी तोंडी सांगितलेलं आम्ही पेपरात असंच घेतो, रीतच आहे ती. तो रीतीनेच वागत होता. आणि माझ्या आजोबांचं ओकणं इजिप्तच्या तांबटांच्या तळटीपेत जाणार होतं.

मी म्हणाले, "नाही. तो पॅराग्राफ राहणार असेल तर पेपरावरून माझं नाव काढ." आवाज चढला नव्हता.

"कॉन्ट्रॅक्टचा विचार केलास?"

"केला."

घरी येऊन सांगितलं तर बाबा उसळलेच. "अगं, एका ओळीपायी? पोटापाण्याचं आधी बघायचं असतं, एवढं शिकून एवढंही कळू नये?"

"तुम्हीच तर आजोबांचं सांगितलंत."

"तुला सांगितलं. नोकरीवर पाणी सोड असं म्हणालो का मी?"

दोघं जेवलो. म्हणजे मी जेवले, बाबांनी भात नुसता चिवडला. नंतर मी भांडी घासत असताना ते पुसायचं फडकं घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता दुसरा हप्ता.

"तू त्याला नाही म्हणालीस," ते म्हणाले, "ते कसं म्हणालीस?"

मी सांगितलं.

"मराठीत नको. त्याला म्हणालीस तसं."

मी नळ बंद केला आणि इंग्रजीत, शब्दाला शब्द, म्हणून दाखवलं. बाबा फडकं हातात धरून ताठ उभे राहून ऐकत होते.

संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा."