सेंट क्लेअरवरचे चार उन्हाळे

कॅनडात विंडसरला आलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं आणि मासा हातात कसा धरायचा हेही माहीत नव्हतं. गाड्यांच्या सुट्या भागांचे डाय बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइनला लागलो. तिथे क्वालिटीमध्ये माझ्या वर्षभर आधी आलेला एक मराठी माणूस होता, नागपूरचा. पहिल्याच दिवशी लंचरूममध्ये मी डबा उघडला आणि पलीकडच्या टेबलावरून तो उठून आला. आमटीचा वास घेऊन म्हणाला की हा गोडा मसाला आहे, म्हणजे तू पुण्याचा. दोन हजार चार साल होतं. त्या दिवसापासून आम्ही डबा एकत्र खायला लागलो.

जूनमध्ये त्याने विचारलं की शनिवारी तळ्यावर येतोस का. तळं म्हणजे सेंट क्लेअर, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. त्याच्याकडे चौदा फुटांची ॲल्युमिनियमची जुनी बोट होती. ट्रेलरवर टाकून ती तो बेल रिव्हर गावच्या धक्क्यावर न्यायचा. मी लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून पुढच्या सीटवर बसलो आणि दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली. तो हसला नाही. त्याने मोटर अगदी हळू चालवली आणि काठ दिसेल इतक्याच अंतरावर थांबला.

तिथे बास नावाचा मासा मिळतो. अंगाने हिरवट तपकिरी, स्वभावाने भांडखोर. तो धरायला आमचा मित्र जिवंत आमिष कधी वापरायचा नाही. त्याच्या डब्यात प्लॅस्टिकचे आणि हलक्या लाकडाचे खोटे मासे असायचे. प्रत्येकाच्या पोटाखाली आणि शेपटीला तीन तोंडांचा गळ आणि हनुवटीला पारदर्शक जीभ. याला क्रँकबेट म्हणतात. दोरी ओढली की ती जीभ पाणी कापते आणि खोटा मासा डुलत डुलत खाली जातो. जीभ जितकी लांब तितका तो खोल जातो, हा पहिला धडा. मी डब्यातला सर्वांत देखणा, चांदीसारखा चमकणारा उचलला तेव्हा त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तू दुकानात साडी निवडून राहिला का?" तो म्हणाला. "आधी पाणी पाहा. किती खोल आहे, किती गढूळ आहे. मग डब्यात हात घाल."

पाणी स्वच्छ असलं की पर्च नावाच्या लहान माशासारखा, हिरव्यावर काळे पट्टे असलेला. कारण बास तिथे खरोखर पर्च खातो. वायव्येचा वारा दोन दिवस वाहिला की तळ ढवळून निघतो, तेव्हा भडक पिवळा. सीझनच्या सुरुवातीला, दगडांपाशी, कुर्लीच्या रंगाचा लालसर तपकिरी. ही कुर्ली म्हणजे झिंग्यासारखाच एक तळाशी राहणारा प्राणी, पण आम्ही आमच्या सोयीने तिला कुर्लीच म्हणायचो. हे सगळं मी पाठ केलं, पण माझा हात काही थांबायचा नाही. मी रीळ गरागरा फिरवायचो. तो म्हणायचा की खोटा मासा तळाच्या दगडाला आपटला की हात थांबव, एक श्वास घे, मग पुन्हा फिरव. घाबरून सरळ पळणाऱ्या माशावर बास झडप घालत नाही, ठेचकाळलेल्यावर घालतो.

पहिला मासा मला तिसऱ्या शनिवारी लागला. हाताला एकदम जड झटका आला, काठी वाकली आणि मी उभा राहिलो. तो ओरडला नाही, नुसतं माझ्या जॅकेटचा पट्टा मागून धरून ठेवला आणि सांगत राहिला की जोर लावू नको, काठीला काम करू दे. मासा वर आला. त्याने पकडीने गळ सोडवला, मासा माझ्या हातात दिला आणि पाण्यात सोडायला लावला. आम्ही बास कधी घरी नेला नाही.

असे चार उन्हाळे गेले. त्या बोटीत मी जितकं बोललो तितकं आयुष्यात कुणाशी बोललो नसेन. माझे वडील गेले तेव्हा तिकीट मिळेपर्यंतचे दोन दिवस तो माझ्याकडेच होता. त्याचे वडील रेल्वेत होते, त्यांनी कंदिलाखाली बसून त्याचा अभ्यास घेतला, हे मला बोटीतच कळलं. दरवर्षी एप्रिलमध्ये तो जयंतीच्या कार्यक्रमासाठी टोरंटोला जायचा आणि मला म्हणायचा, गाडीत जागा आहे, चल. दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. एकदा डेडलाइन, एकदा बेसमेंटमध्ये पाणी. त्याने कधी खोदून विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आई आली. वडिलांनंतर ती पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती, पाच महिन्यांसाठी. आई निवृत्त शिक्षिका. मी मासे सोडून देतो हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. मित्राला एकदा घरी बोलाव असं तीच म्हणाली. ऑगस्टमधल्या एका रविवारी तो, त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी जेवायला आली. बाकीचा स्वयंपाक माझ्या बायकोने केला, पण पुरण आईने स्वतः शिजवलं होतं.

पानं मांडली जात असताना आईने नागपुरात कुठे राहता असं विचारलं. त्याने सहज सांगितलं, "दीक्षाभूमीपासून दहा मिनिटांवर, काकू. आम्ही बौद्ध." आई म्हणाली, "हो का, छान." आणि तिने वाढलंही व्यवस्थित, आग्रह करून. फक्त ती आमच्याबरोबर बसली नाही. म्हणाली, सकाळपासून पोट जड आहे.

जेवणानंतर आम्ही दोघं गराजमध्ये जाऊन बसलो. त्याने खोट्या माशांचा डबा आणला होता. काही क्रँकबेटचे गळ गंजले होते ते आम्ही बदलले. एक डावीकडे तिरका पळायचा, त्याच्या नाकातली दोरी बांधायची कडी पकडीने केसभर उजवीकडे कशी वाकवायची, ते त्याने दाखवलं. पुढच्या शनिवारचं ठरलं. चारच्या सुमाराला ती मंडळी निघाली.

मी आत आलो तर आईने त्या तिघांची ताटं, वाट्या आणि पेले वेगळे काढून ओट्याच्या कडेला ठेवले होते. सिंकमध्ये बाकीची भांडी होती. ती हळू आवाजात म्हणाली की ही इथे नकोत, बाहेर नळावर धू, मग बघू. माझी बायको म्हणाली, "मी नाही धुणार. आणि तूही धुऊ नकोस." एवढं बोलून ती वर निघून गेली.

मी आईकडे पाहिलं. वडील गेल्यापासून ती फार वाळली होती. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. ऑक्टोबरमध्ये ती परत जाईल. कशाला आता भांडण. मी ताटं उचलली, ड्राइव्हवेवर गेलो, बागेची नळी सुरू केली आणि उकिडवा बसून ती घासायला लागलो.

तेव्हा त्याची गाडी परत आली. डबा गराजमध्ये राहिला होता.

तो उतरला आणि दोन पावलांवर थांबला. माझ्यासमोर तीन ताटं होती, त्यातलं एक लहान मुलीचं, कडेला फुलं कोरलेलं. वाट्या तीन, पेले तीन. त्याने ते सगळं पाहिलं. गाडीत त्याची बायको काचेतून सरळ समोर बघत बसली होती.

"डिशवॉशर बिघडला का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"उद्या येऊन पाहून देऊ?"

"नको, नको. होईल."

तो गराजमध्ये गेला, डबा घेतला आणि गेला. जाताना हात केला. मी ताटं पुसली आणि आत नेऊन ठेवली. रात्रीच्या जेवणाला आईने ती वापरली नाहीत. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि मी मनातल्या मनात म्हणत राहिलो की त्याच्या लक्षात आलं नसेल.

शनिवारी तो ठरल्या वेळी आला. बोटीत तो नेहमीसारखाच होता, जरा कमी बोलत होता इतकंच. वारा पडला होता, पाणी काचेसारखं. मी पर्चच्या रंगाचा, मध्यम जिभेचा क्रँकबेट निवडला. त्याने मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तासभर काही लागलं नाही. माझा गळ शेवाळात अडकला तेव्हा त्याने बोट मागे घेतली, वाकून तो सोडवला, त्यावरचं शेवाळ एकेक तंतू करून काढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं की डिशवॉशर झाला का नीट.

मी म्हणालो, "हो, झाला."

त्याने आपली काठी आडवी ठेवली. मग म्हणाला, "तुला दोनदा विचारलं मी. एकदा तरी खरं बोलायचं होतं."

मी बोलायला लागलो. आईचं वय, तिचे संस्कार, वडील गेल्यापासूनची तिची अवस्था. ती वाईट नाही, तू मनावर घेऊ नकोस. घरात वाद नको म्हणून मी. ते सगळं तोंडातून निघत असतानाच मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं.

"काकूंबद्दल मी काहीच म्हणून नाही राहिलो," तो म्हणाला. "अशा काकू माझ्या आजीने पाहिल्या, आईने पाहिल्या. त्यांचं मला नवल नाही. पण ताटं तू धूत होता."

आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर मी कदाचित रडलो असतो, माफी मागितली असती, काहीतरी केलं असतं. तो पुढे म्हणाला की घरी जाताना मुलीने विचारलं, व्हाय वॉज अंकल वॉशिंग माय प्लेट आउटसाइड. त्याने तिला सांगितलं की डिशवॉशर बिघडलाय. "तुझं खोटं मला माझ्या पोरीला सांगावं लागलं," तो म्हणाला. मग त्याने मोटरची दोरी ओढली आणि आम्ही परत आलो. ट्रेलरवर बोट चढवताना मी नेहमीसारखा मागून धरायला गेलो. त्याने एकट्यानेच ती चढवली.

त्यानंतर लंचरूममध्ये तो दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. समोर आलो तर मान हलवायचा, कामाचं बोलायचा. मी दोन-तीनदा त्याच्या दारापर्यंत गाडी नेली आणि परत आणली. पुढल्या वर्षी कारखान्यात लेऑफ सुरू झाले आणि पहिल्या यादीत तो होता, मी नव्हतो. महिनाभराने कुणाकडून तरी कळलं की पश्चिमेकडच्या रेजिना शहरात त्याला सरकारी नोकरी लागली. तो निघाला त्या दिवशी मी गेलो. ट्रक भरून होत आला होता. बोट त्याने शेजाऱ्याला देऊन टाकली होती. मी काय उचलू असं विचारलं तर म्हणाला, झालंच आहे सगळं. त्याची बायको बाहेर आली नाही. मुलगी पायरीवर बसली होती. तिने मला हाय म्हटलं.

मी तिथे, त्या अंगणात, माफी मागायला हवी होती. शब्द मी गाडीत जुळवून नेले होते. ट्रकवाल्याने मागचं दार ओढलं, मित्राने कुलूप लावलं, आणि मी म्हणालो, "नीट जा. तिकडे थंडी फार आहे म्हणे."

आईशी मी भांडलो, पण तो गेल्यानंतर आणि फोनवर. जे ऑगस्टमध्ये बोलायचं होतं ते सगळं बोललो. मग ती म्हणाली, "मी सांगितलं आणि तू काही न बोलता धुतलीस. मला वाटलं, तुलाही तसंच वाटतं." दोन वर्षांनी ती गेली. शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ होतो, आणि तिची ताटं, औषधं, बेडपॅन सगळं मी केलं. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

मी काही वर्षं तळ्यावर गेलो नाही. मग धक्क्यावरून भाड्याची बोट घेऊन एकटा जायला लागलो. आता मला बऱ्यापैकी येतं. पाणी बघून जीभ निवडतो, तळाला लागलं की थांबतो, मासे मिळतात. कुणी नवखा माणूस धक्क्यावर विचारतो की एवढं कुठे शिकलास, तर मी सांगतो, एका मित्राने शिकवलं. तो कुठे असतो हे विचारलं की पश्चिमेला असतो एवढंच म्हणतो.

दोन हजार बाराच्या हिवाळ्यात एका ओळखीच्याकडून त्याचा नंबर मिळाला आणि मी धीर करून फोन केला. त्याने उचलला. मी नाव सांगितलं. 

"नमस्कार," तो म्हणाला. "बोला. कसे आहात आपण?"

चार वर्षं बोटीत तो मला अरे, बे, काय करून राहिला असं म्हणाला होता. आता एकही नागपुरी शब्द त्याच्या तोंडी नव्हता. इतकं शुद्ध, इतकं स्वच्छ मराठी की त्यात मला पाय ठेवायला जागा सापडेना. मी माफी मागितली. पाच वर्षं उशिरा, अडखळत, पण मागितली. मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "आपण फोन केलात, बरं वाटलं." आणि मग मुलीच्या शाळेबद्दल सांगितलं, तिकडच्या बर्फाबद्दल सांगितलं. पुन्हा फोन करा असं तो म्हणाला नाही, आणि मीही करतो म्हणालो नाही.

बायको दारात उभी होती. तिने विचारलं, आपली चौकशी केली का त्याने. मी म्हटलं, केली, सगळ्यांची केली. खरंच केली होती. आई कशी आहे असंही त्याने विचारलं होतं, आणि ती गेल्याचं ऐकून म्हणाला होता की वाईट झालं, काकूंच्या हातचं पुरण फार चांगलं होतं.