लोकरीची अंडी

साऱ्या नागपुरात अंडी घालणारा पुरुष एकच आहे, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. आमचे भाऊजी पाटबंधारे खात्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले. आता रोज सकाळी देवपूजा आटोपली की ते खिडकीपाशी टेबल ओढून बसतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत डझनभर अंडी तयार करतात. लोकरीची. मोबाइलवर त्यांना कुठल्या तरी थंड देशातला एक दाढीवाला दिसला. तिकडचे मासे म्हणे दुसऱ्या माशांची अंडी आवडीने खातात, म्हणून तिथले लोक गळावर लोकरीचं खोटं अंडं बांधतात आणि मासा फसतो. मासा फसतो की नाही मला ठाऊक नाही, भाऊजी मात्र त्या दिवसापासून पुरते फसले. त्यांनी स्वतः जन्मात खरं अंडं चाखलेलं नाही. मासा तर दूरच, मासळीबाजाराच्या रस्त्याने जायचं झालं तर ते स्कूटी वळवून घेतात.

कृती तशी सोपी आहे. लोकरीचे चार-पाच धागे गळाच्या दांडीवर धरायचे, मधोमध दोऱ्याने करकचून आवळायचे, सगळी टोकं वर ओढायची आणि कात्रीच्या एकाच घावात छाटायची. लोकर फुलते आणि लहान मुलाच्या टोपीवरच्या गोंड्यासारखा गोळा तयार होतो. पण सोपं काम सोपं राहू देतील तर ते भाऊजी कसले! प्रत्येक अंडं ते मोजपट्टी लावून मोजतात. जराही मोठं झालं की "हे अंडं नाई, लाडू झाला" म्हणून बाजूला. जरीपटक्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर लोकर घ्यायला मी एकदाच गेले. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "काका, स्वेटर बनाना है के टोपी?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "अंडा." पुढचा अर्धा तास मी समोरच्या दुकानात बांगड्या बघत काढला.

संध्याकाळी दोघं एकाच स्कूटीवरून वस्तीमागच्या तलावावर जातात. तिथे पोचलं की संसाराच्या दोन वाटा होतात. ताई देवळाकडच्या पायऱ्यांवर बसून माशांना हळद घातलेल्या कणकेच्या गोळ्या टाकते. हळद औषधी असते, असं तिचं म्हणणं. भाऊजी पलीकडच्या बांधावर गळाची काठी घेऊन उभे राहतात. एक जण माशांना जेवू घालणार आणि दुसरा धरायला टपलेला! "माझ्या पायऱ्यांकडं गळ आणसान तं पाहा," अशी ताईची ताकीदच होती. बांधावर गांडुळं लावून बसणारी पोरं भाऊजींना रोज छेडत, "काय काका, अंड्यातून पिल्लू निंगालं का?" तीन वर्षांत एकही मासा लागला नव्हता. भाऊजी हसण्यावारी नेत, पण त्यांच्या मनाला ते लागे. "एक तरी लागला पाह्यजे वं," ते मला म्हणत. "खायचा थोडीच हाये? मले फक्त पाह्यचं हाये का आपलं अंडं त्याले खरं वाटते का नाई."

गेल्या वर्षी ताई मौद्याला नणंदेकडे बारशाला गेली. जाताना मला बजावून गेली, "कणीक टाकून येजो वं. ते वाट पाहून राह्यतात." तिच्या माशांत एक मोठा रोहू होता. शेपटीचा एक कोपरा तुटलेला, आणि सगळ्यांच्या आधी हजर. ताई त्याला 'माही बाई' म्हणायची. मी पायऱ्यांवर जाऊन बसले, तर ताई नाही म्हणून धीर चेपलेले भाऊजी काठीसकट माझ्याशेजारी. "एकच डाव टाकतो." त्या दिवशी नेहमीची केशरी लोकर संपली होती, म्हणून त्यांनी ताईच्या विणकामाच्या टोपलीतली हळदी रंगाची लोकर वापरली होती. मी गोळ्या टाकल्या, त्यांतच त्यांनी अंडं सोडलं. काठी अशी वाकली की मी ओरडलेच.

भाऊजींचा चेहरा काय खुलला होता! लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके खूश दिसत नाहीत. त्यांनी मासा हळूहळू काठाशी आणला आणि वाकून पाहिलं. शेपटीचा कोपरा तुटलेला होता.

त्यांनी तो पाण्यातच धरला, अलगद गळ सोडवला, आणि तो पोहत जाईपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मग ओल्या पायजम्यानिशी पायरीवर येऊन बसले. "माहं अंडं पाहून नाई आला वं तो," ते म्हणाले. "तुह्या ताईची गोळी समजून आला. तिच्यावर भरोसा ठेवून." थोड्या वेळाने म्हणाले, "तिले सांगू नको."

ताई परत आल्यावर तिची 'बाई' दोन दिवस पायऱ्यांकडे फिरकली नाही. ते दोन दिवस भाऊजी अर्ध्या ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी ती आली. ताईने पायऱ्यांवरून हाक मारून सांगितलं, तेव्हा बांधावर भाऊजींनी काठी खाली ठेवून देवळाकडे हात जोडले.

आजही अंडी बनतात, मोजली जातात. फक्त बांधून झालं की भाऊजी पकडीने गळाचं टोक तोडून टाकतात. हे मला ठाऊक आहे, बांधावरच्या पोरांना नाही. ती हसतात, भाऊजी ऐकून घेतात. एकदा लागला होता, एवढं म्हटलं तरी सगळ्यांची तोंडं बंद होतील. पण ते म्हणत नाहीत. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली, त्याची मला आता लाज वाटते.

परवा मी ताईबरोबर पायऱ्यांवर होते. अंधारून आलं तसे भाऊजी बांधावरून आले. ताई मला हळूच म्हणाली, "एवढा जीव लावतात वं. मी तं देवाले सांगून राह्यली, एक तरी लागू दे." मग त्यांच्याकडे वळून विचारलं, "लागला का आज?"

"नाई."

"जाऊ द्या. उद्या लागन."

"हो," भाऊजी म्हणाले, "उद्या लागन," आणि तिचा कणकेचा डबा धुवायला पाण्याकडे गेले.