आमच्या माशांची सोसायटी

दुष्काळात विहिरी आटल्या, पण आमच्या मधपाळ सोसायटीचे किस्से काही आटले नाहीत. वडवणीच्या बाजारात दोन सभासद भेटले की एखादा निघतोच.

*

ट्रेनिंगला आलेल्या साहेबांनी पहिला धडा दिला, "माशी अंगावर बसली की हात हलवायचा नाही. दगड व्हायचं." आम्ही तो पाठ केला.

मग ते म्हणाले, राणीमाशी मेली की कामकरी माशा नवी राणी तयार करतात. आमचे चेअरमन आबा गंभीर झाले.

"बिनविरोध?"

साहेबांनी पाणी मागितलं.

*

कौसाबाईंनी शेळ्या विकून माशांच्या पेट्या घेतल्या. ऊसतोडीला पुन्हा जायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. पहिल्या दिवशी त्या पेट्यांसमोरच बसून राहिल्या.

"का बसल्याव हितं?" आबांनी विचारलं.

"शेळ्या सांजच्याला माघारी येत्यात. ह्या येत्यात का बघते."

शेवटची माशी आत गेली, तेव्हा त्या जेवायला उठल्या.

*

पावसानं दगा दिला, फुलं गेली. साहेब फोनवर म्हणाले, "माशांना साखरेचा पाक द्या."

खजिनदार बबन चक्रावला. "म्हंजे आमी ऊस तोडायचा, कारखान्यानं साकर करायची, ती माशांला पाजायची, अन् माशांनी गोड करायचं? मग आदी काय कडू हुती का?"



*

पुण्याहून एक गुंतवणूकदार आले. म्हणाले, "तुमचे ॲसेट्स दाखवा."

आबांनी उजाड माळाकडं बोट केलं. "चरायला गेल्यात."

पाहुणेही गेले. ते मात्र सांजच्याला माघारी आले नाहीत.

*

शेवटी सोसायटी बंद करून पेट्या विकायचा ठराव आला. समाजमंदिरात सभा भरली. कौसाबाई एवढंच म्हणाल्या, "पेट्या गेल्या की माज्या हातात पुना कोयता." ऐकून लई वाईट वाटलं. पण टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं, माशांचं काय करणार?

आबा म्हणाले, "बंद करायच्या बाजूनं जे हायेत, त्यांनी हात वर करा."

तेवढ्यात खिडकीतून माशा आत आल्या. दोन बबनच्या कानावर बसल्या, एक आबांच्या नाकावर, बाकीच्या आमच्यात वाटून गेल्या. सगळी सभा दगड झाली. एकाचाही हात हलेना.

"ठराव नामंजूर," आबा ओठ न हलवता म्हणाले.

माशा उडाल्यावर आम्ही पाहिलं, तर खिडकीत पाकानं भरलेली परात. आबांनी कौसाबाईंकडं वळून विचारलं, "ही कुणी ठिवली?"

"हालू नगा आबा," कौसाबाई म्हणाल्या. "अजून एक हाय."