मास्तरांचं अनुमोदन

गळ्यात टेप घातलेल्या माणसाला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. एरवी शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच तुटला होता. गाव लहान, शिवणाचं दुकान त्याहून लहान. एक पायमशीन, एक कापायचं टेबल, आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर गिऱ्हाइकांपेक्षा गप्पा मारणारेच जास्त बसायचे.

मास्तरांच्या स्वभावात एक खोट होती. लोक तिला गुण म्हणायचे. त्यांना कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. बाही आखूड झाली म्हणून कुणी भांडायला आलं, तर मास्तर आधी हो म्हणायचे आणि मग बाही बघायचे. बायको म्हणायची, यांच्या भाजीत मीठ घालायला विसरलं तरी चालतं, हे मान डोलावतच जेवतात.

तर आजूबाजूच्या चार-पाच गावांची मिळून एक परिषद होती. एकेकट्या गावाला जे झेपत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचं, असा तिचा कारभार. रस्त्याचा एक रोलर, आगीचा एक बंब, भटकी कुत्री धरायची एक गाडी, आणि नाल्यावरचा एक पूल, जो दोन गावांच्या मधे असल्यामुळे कुणाचाच नव्हता. या महिन्यात रोलर कुणाकडे, पुलाला रंग कुठला, यावर महिन्यातून एकदा बैठक भरायची. मोठ्या गावांतली माणसं तिथं हौसेनं जायची. मास्तरांच्या गावातून कुणी जायला तयार नव्हतं, कारण जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा. मग कुणीतरी मास्तरांना विचारलं. ते नाही म्हणणार नव्हतेच.

बैठक मोठ्या गावातल्या वाचनालयाच्या माडीवर असायची. तीन टेबलं एकाला एक लावलेली, त्यांची उंची एकसारखी नाही, त्यामुळे फटीवर ज्याचा चहा यायचा त्याचा तो सांडायचा. वर हिरवं कापड अंथरलेलं, त्याच्या कडा उसवलेल्या. पहिल्या बैठकीला मास्तरांचं सगळं लक्ष त्या कडांवरच होतं. पुढच्या वेळी त्यांनी ते कापड घरी नेऊन शिवून आणलं. परिषदेत त्यांनी स्वतःच्या मनानं केलेलं बरीच वर्षं तेवढंच एक काम.

बाकी त्यांच्या वाट्याला अनुमोदन आलं. तेही असंच आलं. कुठल्याशा विषयावर एकानं सूचना मांडली, अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदक?" आणि कुणी बोलेना. खोलीत नुसता पंख्याचा टकटक आवाज. मास्तरांना ती शांतता सहन होईना, लग्नघरात कुणी रुसून बसल्यासारखं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "अनुमोदन." अध्यक्ष म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी हसून मान लववली. ती मान लववणं मास्तरांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फारच बरं वाटलं. त्यानंतर अध्यक्षांनी विचारायचं आणि मास्तरांनी म्हणायचं, असा शिरस्ताच पडला. अध्यक्ष पुढे पुढे विचारताना वरही बघेनात. बाकावरची मंडळी मास्तरांना अनुमोदन म्हणूनच हाक मारायची, आणि मास्तर त्यालाही ओ द्यायचे.

मास्तरांची एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा याला तिनंच कडेवर वाढवला. साठी उलटली तरी ती त्यांना बारक्या म्हणायची, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. नवरा गेल्यावर ती गावाच्या टोकाला, माळाच्या कडेला एका खोलीत राहायची आणि लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायची. दमेकऱ्यांच्या चादरी, बाळंतिणींची लुगडी, लग्नाचे शालू, सगळं तिच्याकडे. तिची सगळी कला त्या माळात होती. मोकळा वारा, स्वच्छ ऊन, धूळ उडत नाही अशी गवताळ जमीन. तिथं वाळलेल्या चादरीला एक वास यायचा. तो वास हवा म्हणून दुसऱ्या गावाहून लोक गाठोडी पाठवायचे.

एक दिवस ती दुकानात आली ती गाठोडं न घेताच. बाकावरच्यांना म्हणाली, जरा उठा रे. ते उठून बाहेर गेले. परिषद सगळ्या गावांचा कचरा एकाच ठिकाणी टाकणार, आणि ती जागा म्हणजे आपला माळ, असं तिच्या कानावर आलं होतं. मास्तरांच्याही आलं होतं. पण ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

"बारक्या, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं?"

"नाही, ताई."

"मग आता मागते. तिथं उभा राहा आणि नको म्हण. का म्हणून विचारलं तर सांग, वारा त्या अंगानं येतो, बाईचे कपडे खराब होतील. बस, जास्त काही नको."

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, म्हणतो. घरी येऊन त्यांनी तयारीच लावली. बायको चुलीपुढे बसून अध्यक्ष झाली आणि मास्तर दारात उभे राहून नको म्हणू लागले. पहिल्यांदा आवाजच निघेना. बायको म्हणाली, हे नको आहे की उचकी? दुसऱ्यांदा जरा बरं निघालं. मग ती म्हणाली, "अहो, माझ्याकडे बघून म्हणा. मी काय तुम्हाला खाणार आहे?" त्या दिवशी मास्तरांनी इतक्यांदा नको म्हटलं, की शेजारणीला वाटलं दोघांचं काहीतरी बिनसलंय.

बैठकीच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून निघाले. तो ताईनंच धुतलेला. जिन्यातच त्यांना लेखनिक बाई भेटल्या. बैठकीत जे होईल ते लिहून घ्यायचं त्यांचं काम, कमी बोलणारी, सरळ बाई. मास्तर त्यांना म्हणाले, आज कचऱ्याच्या विषयावर मला बोलायचंय. बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाल्या, बोला की, बोलायलाच हवं.

विषय पटापट चालले होते. दिव्यांचे बल्ब, मंजूर. कुत्र्यांची गाडी पुढच्या महिन्यात कुणाकडे, मंजूर. पुलाचे कठडे, मंजूर. दर वेळी अध्यक्ष विचारत, अनुमोदक? आणि मास्तर म्हणत, अनुमोदन. मनात मात्र पुढच्या वाक्याची जुळवाजुळव चाललेली. वारा आधी सांगावा की कपडे आधी? बाईचे म्हणावं की माझ्या बहिणीचे? बहिणीचे म्हटलं तर स्वतःचं घोडं पुढे दामटतोय असं वाटेल का? एवढ्यात कचऱ्याचा विषय वाचून झालासुद्धा. सूचना मांडून झाली. अध्यक्ष खाली बघतच म्हणाले, "अनुमोदक?"

"अनुमोदन," मास्तर म्हणाले.

पायमशीन चालवणाऱ्याला ठाऊक असतं, पाय उचलला तरी चाक आपलं थोडं फिरतंच. तसंच झालं, असं ते पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. आणि गोष्ट इथंच थांबली असती, तर ते खरंही मानता आलं असतं.

पण लेखनिक बाईंनी लिहिलं नाही. त्यांनी पेन कागदावरून उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, तुम्ही यावर काही बोलणार होतात ना?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. अध्यक्षांनीही चष्मा काढला, आणि अगदी मनापासून म्हणाले, बोला ना मास्तर. दार असं सताड उघडं होतं. नुसतं पाऊल टाकायचं होतं. मास्तरांच्या मनात काय आलं? माळ नाही आला, ताई नाही आली. आलं ते एवढंच, की आत्ताच अनुमोदन दिलं, आणि आता नको म्हटलं तर हे सगळे हसतील.

"नाही, काही विशेष नाही," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहायला मान खाली घातली. चहा आला. मास्तरांचा कप त्या दिवशी फटीवर आला, आणि सांडलेला चहा त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसून काढला.

परत आले तर ताई दुकानाच्या बाकावर बसलेली. तिनं काही विचारायच्या आत मास्तर म्हणाले, बोललो, पण एकट्याचं कोण ऐकतं. ठरलं त्यांचं. हे वाक्य त्यांनी वाटेत जुळवलेलं नव्हतं, ते आपोआप आलं, आणि अनुमोदनापेक्षाही सहज आलं. ताईनं लहानपणी फिरवायची तसा त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "बोललास ना? झालं मग. तू बोललास हेच मला पुष्कळ." तिच्या हाताला साबणाचा वास होता. मास्तरांना वाटलं, हिनं हात काढून घ्यावा, आणि वाटलं, काढू नये.

कचऱ्याच्या गाड्या यायला लागल्या. आधी गावातल्या, मग सगळीकडच्या. माळावर कावळे जमले, मग धूर आला, कारण कुणीतरी रोज तिथं काहीतरी पेटवायचंच. चादरींवर काळे ठिपके पडू लागले. ताई त्या पुन्हा धुवायची, पुन्हा वाळत घालायची, पुन्हा ठिपके. मग तिनं खोलीतच दोऱ्या बांधल्या आणि ओल्या कपड्यांखालून वाकून स्वयंपाक करू लागली. कपड्यांना कुबट वास यायला लागला. गिऱ्हाइकं भली होती, कुणी तोंडावर काही बोललं नाही. कुणी म्हणालं, सुनेनं मशीन घेतलंय. कुणी म्हणालं, आता घरातच धुतो, तुम्हाला कशाला त्रास. ताईलाही कळत होतं. पण जिथं जिथं शेवटचं गाठोडं पोचवायला गेली, तिथं तिथं ती सांगायची की माझा भाऊ तिथं एकटा उभा राहिला. सगळे एका बाजूला, हा एका बाजूला. परिषदेत कुणाच्या तोंडाला तोंड देणारा नव्हे तो, पण माझ्यासाठी उभा राहिला.

एकदा ती हे मास्तरांच्या दुकानातच सांगत होती. समोर बाकावर एक बाई मुलीचा झगा आखूड करायला आलेली. या बाईचा दीर मोठ्या गावातून परिषदेवर होता. ती हो का, असं म्हणाली आणि झग्याच्या काठाकडे बघत बसली. मान वर करेना. मास्तरांनी ते पाहिलं. सुई त्यांच्या बोटात गेली तरी त्यांना कळलं नाही. कारण तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं होतं, की गावाला ठाऊक आहे. कधीपासूनच ठाऊक आहे. आणि ताई घरोघर जाऊन हे सांगते, आणि सगळ्याजणी हो का, हो का म्हणत झग्याच्या काठाकडे बघतात.

दुकान तसंच टाकून ते संध्याकाळी तिच्याकडे गेले. ती दोऱ्या सोडून गुंडाळत होती. मास्तर उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, लेखनिक बाईंच्या प्रश्नापर्यंत. ताईनं मधे तोडलं नाही.

"कुणी दटावलं होतं तुला?"

"नाही."

"मग ती बाई विचारत होती तेव्हा काय म्हणालास?"

"काही विशेष नाही, म्हणालो."

ताईनं ते शब्द पुटपुटून पाहिले, परक्या गावाचं नाव असावं तसे. मग दोरीला गाठ मारत म्हणाली, "कचऱ्याचा डेपो तर आलाच असता रे. तू नको म्हणाला असतास तरी आला असता, तेवढं कळतं मला. पण मी किती घरी सांगितलं, बारक्या. त्यांना माहीत होतं?"

"बहुतेकांना."

"आणि त्या ऐकून घेत होत्या."

मास्तर रडले. ती रडली नाही. तिनं त्यांना पाणी दिलं, आणि म्हणाली, ऊठ आता, बायको वाट बघत असेल. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटेत वाटलं. रागाचं काहीतरी करता येतं.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदक? मास्तर गप्प बसले. पंखा टकटकला, आणि पलीकडून दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, अनुमोदन. काम पुढे गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बैठक संपताना मास्तर उभे राहिले. म्हणाले, कचऱ्याच्या गाड्यांवर ताडपत्री घालावी, आणि माळावर काही पेटवू नये, तिथं बाजूला घर आहे. अध्यक्ष म्हणाले, बरोबर आहे, हे आधीच कुणी का नाही सुचवलं? लगेच मंजूर झालं. हसलं कुणी नाही. लेखनिक बाईंनी लिहून घेतलं आणि या वेळी मान वर केली नाही. इतकं सोपं होतं ते. मास्तर खाली उतरताना कठड्याला धरून मधल्या पायरीवर कितीतरी वेळ उभे राहिले.

धूर खरंच कमी झाला. मास्तर सांगायला गेले, तर ताई म्हणाली, बरं झालं, खोकला थांबेल. धुवायला आता तिच्याकडे तिचेच दोन कपडे होते.

ते अजूनही तिच्याकडे जातात. ती बसायला देते, भावजयीची चौकशी करते, गुडघ्याचं रडगाणं गाते, शेजारणीच्या नकला करून त्यांना हसवतेसुद्धा. कुणाला वाटावं, काही झालंच नाही. गेल्या खेपेला बोलता बोलता मास्तरांची नजर तिच्या पोलक्याच्या बाहीवर गेली. उसवलेली बाही तिनं घरीच शिवली होती. डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे टाके वेडेवाकडे, धागाही दुसऱ्याच रंगाचा. शिंप्याची सख्खी बहीण, आणि दुकान हाकेच्या अंतरावर. मास्तरांचा हात आपोआप पुढे झाला. ते म्हणाले, "दे ताई, दोन मिनिटांचं काम आहे."

"कशाला," ती म्हणाली. "चालतंय की." आणि ती बाही हळूच पदराखाली घेऊन तिनं पुन्हा शेजारणीचा विषय काढला.